डोक्यात जाणारी यादी

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्रजी ध्वनिपाठ तयार करणाऱ्या एका लहान गटातलं. पाठ सुरक्षेचे असायचे. यंत्र बंद कसं करायचं, रसायन अंगावर उडालं तर आधी काय करायचं, धोक्याची घंटा वाजली की कुठे जाऊन उभं राहायचं. ऐकणारे निरनिराळ्या देशांतले कामगार आणि तंत्रज्ञ, बहुतेकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा. गटात दोन संहितालेखक, चार निवेदक, एक ध्वनितंत्रज्ञ, एक ज्येष्ठ परीक्षक आणि या सगळ्यांची मोट बांधायला मी. माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

परीक्षकांना सगळे 'सर' म्हणत. छापील मजकुराच्या संपादनात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या पानात चूक राहिली असं क्वचितच व्हायचं, आणि राहिलीच तर ते स्वतःच दोन दिवस अस्वस्थ असायचे. असा माणूस ध्वनीच्या कामावर आला याचा आम्हाला आनंदच झाला होता. डोळ्यांचं काम आणि कानांचं काम यांत फरक असतो, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

अडचण

सरांनी पहिल्या महिन्यात एक फाईल सुरू केली. निवेदकांच्या आणि लेखकांच्या नेहमीच्या चुका तिच्यात टिपायच्या, म्हणजे पुन्हा होणार नाहीत. सुरुवातीला १२ नोंदी होत्या. आठ महिन्यांनी ६३ झाल्या. फाईलचं खरं नाव काहीतरी रुक्ष होतं, पण स्टुडिओत तिला 'डोक्यात जाणारी यादी' म्हणायला लागले, कारण सर एखादा उच्चार ऐकून हेडफोन काढायचे आणि म्हणायचे, "हे माझ्या डोक्यात जातं."

प्रत्येक नोंदीपुढे एकच शेरा असे: रिटेक. सगळ्या नोंदी तांबड्या. पाठ तपासून आला की सोबत पिकअपची यादी यायची, म्हणजे तेवढाच शब्द किंवा तेवढंच वाक्य पुन्हा बोलून मूळ ध्वनिमुद्रणात डकवायचं. आधी एका पाठाला चार-पाच पिकअप असत, नंतर तीसच्या वर जायला लागले.

पिकअप म्हणजे काय हे ज्याने केलं नाही त्याला हा नुसता आकडा वाटेल. एका पाठात 'ऑफन' हा शब्द निवेदिकेने 'ऑफ्टन' असा, मधला ट उच्चारून म्हटला होता. सरांनी तो परत मागवला. मूळ ध्वनिमुद्रणाला तीन आठवडे झालेले. तिचा घसा त्या दिवशी थोडा बसलेला, आता मोकळा. मायक्रोफोनपासूनचं अंतर बोटभर बदललेलं. तंत्रज्ञाने नवा 'ऑफन' बसवला, पण आधीचा श्वास जुन्या दिवसाचा आणि शब्द नव्या दिवसाचा. वाक्य ऐकलं की त्या एका शब्दापाशी दुसरीच कोणीतरी बाई खोलीत येऊन गेल्यासारखी वाटायची. अकरा वेळा केलं. शेवटी आख्खा परिच्छेद नव्याने बोलावा लागला. आधीचा ट कोणाच्याही कानाला खटकला नसता. नंतरचं ठिगळ सगळ्यांना ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी निवेदिकेने मला विचारलं, "मॅडम, मी पाठ वाचतेय की तोंडी परीक्षा देतेय?"

यादीत काय होतं

मी ती फाईल पहिल्यांदा नीट, सलग वाचली ती त्यानंतर. खरं तर आधीच वाचायला हवी होती.

काही नोंदी उच्चारांच्या. 'ऑफन'मधला ट. 'स्केड्यूल' नको, 'शेड्यूल'च हवं. 'आस्क'चं 'आक्स' होतं ते. 'न्यूक्लिअर'चं 'नुक्युलर' होतं ते. साधं विधान करतानाही प्रश्न विचारल्यासारखा आवाज शेवटी वर चढवण्याची तरुण निवेदकांची लकब. इंग्रजीत तिला 'अपटॉक' म्हणतात. काही नोंदी व्याकरणाच्या. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवणं. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय सोडणं. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'फ्यूअर'ऐवजी 'लेस'. 'बिट्वीन यू अँड मी'च्या जागी 'बिट्वीन यू अँड आय'. एकट्या माणसासाठी 'दे'. 'होपफुली' हा शब्द 'आशा आहे की' या अर्थाने. आणि अर्थातच 'लिटरली', म्हणजे 'अक्षरशः', तेही अक्षरशः न घडलेल्या गोष्टीला.

एक नोंद वाचून मात्र मला हसू आलं. क्रमांक २९: निवेदक 'कुड हॅव'ऐवजी 'कुड ऑव्ह' म्हणतो. लिहिताना ही चूक आहेच. पण 'कुड हॅव'चं आकुंचित रूप बोलताना जसं ऐकू येतं, हुबेहूब तसंच 'कुड ऑव्ह'ही ऐकू येतं. संहितेत बरोबर लिहिलं होतं, निवेदकाने बरोबर वाचलं होतं, आणि सरांना कानात चुकीचं स्पेलिंग ऐकू आलं होतं. छापील पानावर घडलेल्या डोळ्यांनी ते ऐकत होते.

बाकीच्या नोंदींवर सरांचं म्हणणं असं, की ही सगळी अलीकडची घसरण आहे. 'हल्लीच्या पोरांनी' भाषा बिघडवली. मला ते पटत नव्हतं, म्हणून मी दोन संध्याकाळी बसून शोधाशोध केली. सापडलं ते मजेशीर होतं. 'बिट्वीन यू अँड आय' शेक्सपिअरच्या नाटकातल्या एका पात्राच्या पत्रात आहे. एकट्यादुकट्या अनाम माणसासाठी 'दे' वापरणं चौदाव्या शतकापासून चालू आहे. 'आक्स' चौदाव्या शतकातला कवी चॉसर याने लिहिलंय, आणि १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये 'मागा म्हणजे मिळेल' या वचनात तोच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. ध्वनींची अशी अदलाबदल आपल्याला नवी नाही, 'मतलब'चं 'मतबल' करणारे आणि 'चिकटलं'ला 'चिटकलं' म्हणणारे आपल्यातच आहेत. 'ऑफन'मधला ट सतराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून गळला, 'लिसन' आणि 'सॉफन'मधून गळला तसाच. पुढे लिहितावाचता येणारे वाढले आणि स्पेलिंग बघून काहींनी तो परत आणला. 'फ्यूअर' आणि 'लेस' यांची वाटणी रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी १७७० साली सुचवली, तीही स्वतःची आवड म्हणून. वाक्याच्या शेवटच्या शब्दयोगी अव्ययावर कवी ड्रायडनने १६७२ मध्ये आधीच्या पिढीतल्या नाटककार बेन जॉन्सनला दोष दिला होता.

आपली चिडही किती जुनी असू शकते त्याचा नमुना लेखक जोनाथन स्विफ्टचा. 'डिस्टर्ब्ड' हा शब्द लोक शेवटच्या 'एड'मधला स्वर गिळून बोलतात आणि लिहितात, याबद्दल त्याने १७१२ साली तक्रार केली. आज तो 'एड' सुटा उच्चारला तर सरच रिटेक मागतील. आणि 'बॅल्कनी'चा आघात पूर्वी मधल्या अक्षरावर होता. तो पहिल्यावर आला तेव्हा कवी सॅम्युअल रॉजर्स यांना ते ऐकून मळमळायचं म्हणे.

एखादी गोष्ट आपल्या नजरेत नुकतीच आली म्हणजे ती नुकतीच जन्माला आली असं वाटणं, याला भाषावैज्ञानिक आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये 'रिसेन्सी इल्यूजन' असं नाव दिलं. नवेपणाचा भास. सरांच्या यादीतला निम्म्याहून जास्त माल या भासातून आलेला होता, असं मी ठरवून टाकलं. आणि तिथेच माझी पहिली चूक झाली.

समोरचे पर्याय

पर्याय चार दिसत होते.

यादी आहे तशी पाळायची, हा पहिला. त्यात भांडण नव्हतं, पण वेळापत्रक कोलमडत होतं आणि निवेदक बिचकून बोलायला लागले होते. बिचकलेला आवाज ऐकणाऱ्याला लगेच कळतो. 'ऑफन' जवळ आला की निवेदिका अर्धा क्षण थबकायची, आणि तंत्रज्ञाला ते थबकणं लाटांच्या आलेखातही दिसायचं.

दुसरा, यादी मोडीत काढायची. निवेदकांना हाच हवा होता. मलाही मनातून हाच हवा होता, हे आता कबूल करते.

तिसरा, बाहेरची एखादी प्रमाण शैलीपुस्तिका घ्यायची आणि वाद तिच्यावर सोपवायचा. वरवर हा सगळ्यांत सोपा. पण शैलीपुस्तिका छापील मजकुरासाठी असतात, उच्चारांबद्दल त्यांच्यात फार काही नसतं. शिवाय त्याही बदलतात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'होपफुली'चा तो वापर २०१२ साली मान्य केला, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने एकवचनी 'दे' २०१९ च्या आवृत्तीत स्वीकारलं. उच्चारकोश पाहिले तर त्यांत एका शब्दापुढे दोन-दोन, तीन-तीन उच्चार. कोश लोक काय बोलतात ते सांगतो. आपण काय बोलावं ते ठरवायचं काम आपल्याकडेच राहतं.

चौथा, यादी घेऊन सरांसोबत बसायचं आणि नोंद न् नोंद वेगळी काढायची. याला वेळ लागणार होता आणि सरांचा मान सांभाळावा लागणार होता. मी हा पर्याय 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या पर्यायाच्या तयारीने बैठक बोलावली.

बैठक

बैठकीत मी माझी शोधाशोध मांडली. चॉसर, शेक्सपिअर, १५३५, १७७०, सगळं. 'लिटरली'बद्दल तर मी म्हटलं की आपल्या मराठीतही 'हसून हसून अक्षरशः मेलो' म्हणणारा दुसऱ्या दिवशी कामावर येतोच, त्याला कोणी खांदा द्यायला धावत नाही. लोक हसले. सर शांत बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "चॉसर आपला पाठ ऐकणार नाहीये."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वापर जुना आहे एवढ्यावरून तो आपल्या कामाला योग्य ठरत नाही, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. इथे थांबले असते तर पुढचं टळलं असतं.

पण एका निवेदकाने मोबाईल काढला. सरांनी आदल्या आठवड्यात पाठवलेला एक ध्वनिनिरोप त्याने लावला. त्यात सर उच्चारशुद्धीबद्दल बोलत होते, आणि 'प्रोनन्सिएशन' या शब्दालाच 'प्रोनाउन्सिएशन' म्हणत होते. दोनदा. दुसऱ्याच्या चुका दाखवणाऱ्या मजकुरात हटकून एक चूक सापडते, याला संपादकांच्या जगात 'मफ्रीचा नियम' म्हणतात, 'मर्फी' हे नाव मुद्दाम बिघडवून. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ मध्ये तो गमतीत मांडला होता. खोलीत हशा पिकला. मीही हसले.

सर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "बरोबर आहे. यादी काढून टाका."

पुढचे दोन आठवडे त्यांच्याकडून प्रत्येक पाठावर एकच शब्द यायचा: ठीक. पिकअप शून्यावर आले. आम्हाला वाटलं, सुटलो.

पन्नास की पंधरा

त्याच काळात गेलेल्या एका पाठात एक सूचना होती: कक्ष उघडण्याआधी पन्नास मिनिटं थांबा. आतली वाफ निवायला तेवढा वेळ लागतो. पाठ आधी एका चाचणीगटाला ऐकवला गेला आणि शेवटच्या प्रश्नावलीत बऱ्याच जणांनी 'पंधरा मिनिटं' हे उत्तर निवडलं. प्रत्यक्ष कामावर तो पाठ पोचला नव्हता, त्यामुळे कोणाला इजा झाली नाही.

आम्ही ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. आम्हाला संहिता पाठ, त्यामुळे आम्हाला दर वेळी 'फिफ्टी'च ऐकू यायचं. मग संहिता न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, "फिफ्टीन."

याचं कारण इंग्रजीच्या घडणीतच आहे. 'फिफ्टीन' सुटा म्हटला की जोर शेवटच्या अक्षरावर येतो, त्यामुळे तो 'फिफ्टी'पासून वेगळा कळतो. पण पुढे 'मिनिट्स'सारखा, पहिल्याच अक्षरावर जोर असलेला शब्द आला की 'फिफ्टीन'चा जोर सरकून सुरुवातीच्या 'फिफ्'वर येतो. मग फरक उरतो तो शेवटच्या न एवढाच, आणि तो न पुढच्या म मध्ये विरघळतो. म्हणजे 'फिफ्टीन मिनिट्स' आणि 'फिफ्टी मिनिट्स' यांच्यातली भिंत जवळजवळ पडलेली असते. घाईत बोललं की पडतेच. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ-बोलीत आकडे एकेक सुटे म्हणतात आणि 'नाइन'ला 'नाइनर' म्हणतात, ते उगाच नाही.

त्या रात्री मी जुनी यादी पुन्हा उघडली. क्रमांक ४१: 'टी' आणि 'टीन' यांतला फरक निवेदक गिळतात. रिटेक.

सरांनी ते चार महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. क्रमांक ४० होता 'होपफुली', क्रमांक ४२ होता 'लेस' आणि 'फ्यूअर'. तिन्हींचा रंग तांबडा. कोणी ४१ वेगळा वाचलाच नव्हता. मी तर चॉसरच्या नादात होते.

काय केलं

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे एकटी गेले. बैठकीतल्या हशाबद्दल माफी मागितली आणि ४१ क्रमांक दाखवला. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "मीच तो गर्दीत टाकला होता." त्यानंतर त्यांनी स्वतः सुचवलं की यादीला आणखी एक रकाना जोडायचा: ऐकणाऱ्याचा नेमका काय गैरसमज होईल? एका वाक्यात लिहायचं. लिहिता आलं नाही तर रिटेक नाही.

आम्ही तीन दुपारी बसलो. चारही निवेदक आलटून पालटून सोबत. ६३ नोंदींपैकी ९ 'थांबवा' या गटात गेल्या, २१ 'एकच रीत ठरवा' या गटात, आणि ३३ सोडून दिल्या.

'थांबवा' गटातल्या बऱ्याच नोंदी सरांच्याच होत्या, पण आधी त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पन्नास-पंधराला तोडगा असा काढला की आकडा म्हटल्यावर लगेच 'फाइव्ह झीरो' असं सुटंही म्हणायचं. 'कॅन' आणि 'कान्ट' हेही त्यात आलं. अमेरिकी बोलीत दुसऱ्याचा उच्चारही 'कॅन्ट' होतो आणि शेवटचा ट अर्धवट राहतो, मग 'आत जाता येईल' आणि 'आत जाता येणार नाही' यांत कानाला फार थोडं अंतर उरतं. सूचनेतून ते काढून सरळ 'डू नॉट' घातलं.

एकवचनी 'दे'वर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. सरांना त्याजागी 'ही ऑर शी' हवं होतं. निवेदक म्हणाले, वाक्य जिभेवर अडखळतं. वाद तत्त्वाचा होऊ लागला तेव्हा तंत्रज्ञाने एक खरं वाक्य समोर ठेवलं: पर्यवेक्षक कामगारांना सांगेल, 'दे' तयार झाले की. कोण तयार झाले की? पर्यवेक्षक की कामगार? इथे 'दे' एकवचनी आहे की अनेकवचनी यापेक्षा ते कोणाला लागतं हा प्रश्न होता. असं वाक्य आलं की नाम पुन्हा म्हणायचं, एरवी 'दे' चालेल, असं ठरलं.

एका नोंदीने आम्हाला चांगलंच दचकवलं. क्रमांक १७: 'फ्लॅमेबल' हे भ्रष्ट रूप, मूळ 'इन्फ्लॅमेबल' वापरावं. व्युत्पत्तीने सर बरोबर होते. त्या 'इन'चा अर्थ नकार नाही, लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदातून तो आलाय. पण ऐकणाऱ्याला 'इन' म्हणजे 'नाही' वाटू शकतं, आणि 'पेट घेणारं'चं 'न पेटणारं' होतं. याच भीतीने अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकातच 'फ्लॅमेबल'चा आग्रह धरला होता. सरांनी ती नोंद स्वतःच्या हाताने उलटी केली. आता 'इन्फ्लॅमेबल' आलं तर रिटेक.

'एकच रीत' या गटात 'स्केड्यूल' आणि 'शेड्यूल'सारखे शब्द गेले. दोन्ही बरोबर, पण एका पाठमालेत एकच. कुठला हे त्या पाठाचा निवेदक ठरवणार.

दोन ठिकाणी आम्ही आमचाच नियम मोडला. 'नुक्युलर'ने गैरसमज कोणाचाच होत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तसंच म्हणत. तरी ते 'थांबवा'मध्ये टाकलं, कारण अणुऊर्जेच्या पाठात तो उच्चार आला तर ऐकणारे अभियंते पाठ सोडून उच्चारावरच बोलत बसतील. 'आक्स'चंही तसंच झालं. निवेदनात नको, संवादातल्या पात्राच्या तोंडी आला तर राहू दे. हा निर्णय मला आजही टोचतो. कित्येकांच्या घरच्या बोलीतला हा रीतसर शब्द आहे, आणि आम्ही त्याला घरात ठेवून दिवाणखान्यात येऊ दिलं नाही. त्या बोलीत वाढलेल्या निवेदकाने मान डोलावली, पण तो राजी झाला की नुसता थकला होता, हे मी विचारलं नाही.

निकाल

पिकअप पुन्हा एका पाठाला पाच-सहावर आले. 'पन्नास मिनिटं'चा पाठ दुरुस्त करून दुसऱ्या चाचणीगटाला ऐकवला, तेव्हा त्या प्रश्नावर गोंधळ झाला नाही. तपासणीत एक पायरी कायमची जोडली: संहिता न पाहिलेल्या माणसाने पाठ एकदा ऐकायचा आणि आकडे व मनाया कागदावर लिहून द्यायच्या.

अपटॉकचा निकाल अर्धवट राहिला. हा शब्द जेम्स गॉर्मन यांनी १९९३ मध्ये रूढ केला, लकब त्याआधीची आहे. वर्णनात ती कोणाला नडत नाही. पण 'झडप बंद करा' ही सूचना वर चढत्या सुरात आली की 'झडप बंद करू का?' असं वाटू शकतं, असं सरांचं म्हणणं. निवेदक म्हणतात, नाही वाटत. सध्या सूचनांना आवाज खाली टेकवतात, बाकी ठिकाणी नाही.

ज्या निवेदिकेने तोंडी परीक्षेचा प्रश्न विचारला होता, ती तोवर दुसरं काम घेऊन गेली होती. 'ऑफन'चा तो परिच्छेद अजून तिच्याच आवाजात चालतो.

आज पुन्हा करायचं झालं तर

यादी १२ नोंदींची होती तेव्हाच मी ती वाचीन. तेव्हा वर्गवारी अर्ध्या तासात झाली असती.

इतिहास मी गोळा करीन, पण बैठकीत शस्त्र म्हणून काढणार नाही. चॉसरने सरांचा 'आक्स'वरचा राग गेला नाही, आणि तो जायलाच हवा असंही नव्हतं. एखादा शब्द डोक्यात जाणं हा काही गुन्हा नाही. मला स्वतःला 'रिव्हर्ट बॅक' ऐकवत नाही. प्रश्न त्या रागाला रिटेकचा अधिकार द्यायचा का, एवढाच होता, आणि तो मी विचारलाच नाही. मी राग चुकीचा आहे हे सिद्ध करत बसले.

तो ध्वनिनिरोप लावला जात असताना मी "बंद कर" म्हणायला हवं होतं. तेवढे दोनच शब्द. त्या हशाची किंमत सर दोन आठवडे गप्प राहिले एवढीच नव्हती. त्या दोन आठवड्यांत आमच्याकडचे सगळ्यांत तिखट कान बंद होते, आणि ते बंद आहेत याचा आम्ही आनंद मानत होतो. 'ठीक' हा शेरा लागोपाठ आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. हा माणूस कधीच 'ठीक' म्हणत नसे.

निवेदकांना वर्गवारीत घेतलं ते बरोबर झालं, पण संहितालेखक राहून गेले. 'कान्ट' काढून 'डू नॉट' घालायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडलं आणि त्यांना ते एका निरोपातून कळलं. त्यावर त्यांचं काय म्हणणं होतं, तो वेगळा विषय आहे.

सरांची जुनी फाईल अजून आहे. मागच्या आठवड्यात तिच्यात चौसष्टावी नोंद पडली, ती माझ्या नावावर. तंत्रज्ञाला पाठवलेल्या निरोपात मी 'रिपीट अगेन' लिहिलं होतं. नव्या रकान्यात, गैरसमज काय होईल या प्रश्नापुढे, सरांनी प्रामाणिकपणे 'काही नाही' असं लिहिलं आहे. रंग मात्र तांबडाच ठेवला आहे.